कारागिराचे नाव आणि जाहिरातीचा बाजार

निजामी राजवटीत बीड शहराची ओळख दोन वस्तूंनी होत असे: प्रवाशाच्या खांद्याला लटकणारी कातडी छागल आणि काठीत दडवलेली गुप्ती. या वस्तूंसाठी कोणी जाहिराती छापल्या नव्हत्या. गावाचे नाव हीच त्यांची हमी होती आणि विकणारा व घेणारा एकमेकांना तोंडओळखीने का होईना जाणत असल्यामुळे ती हमी पुरेशी ठरत असे. पुढे पत्र्याच्या व प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, काठीत शस्त्र बाळगण्याचे दिवस सरले आणि दोन्ही धंदे ओसरले. वस्तूची गरजच संपल्यावर कितीही मोठी जाहिरात तिला तारू शकली नसती. परंतु ज्यांची गरज संपलेली नाही, उलट शहरांतून ज्यांना नवे गिऱ्हाईक लाभू लागले आहे, अशाही काही हातच्या वस्तू आहेत. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यासह अवघ्या दख्खनच्या पठारावर वापरली जाणारी लोकरीची घोंगडी आणि बंजारा तांड्यांवरचा आरसे-कवड्यांचा कशिदा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या वस्तूंचा व्यवहार आता मोबाइलच्या पडद्यावर सरकत असताना त्यातून कारागिराच्या पदरी नेमके काय पडणार, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

'ऑनलाइन विका, जाहिरात करा' हा सल्ला सध्या प्रत्येक मेळाव्यात आणि प्रशिक्षण शिबिरात दिला जातो. तो अगदीच निराधार आहे असे नाही. २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयमुळे लहानशी रक्कमही क्षणात गावात पोहोचते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाशी थेट बोलता येते. टपाल खात्याचे जाळे गावोगाव आहेच, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही आली. पेठेतल्या एकाच व्यापाऱ्याच्या दारात उभे राहून तो देईल तो भाव घेण्याची लाचारी यामुळे कमी होऊ शकते. तथापि हा सल्ला देणारे एक मूलभूत भेद विसरतात. गिरणीचा माल आणि हाताचा माल यांचे अर्थशास्त्र एक नाही.

गिरणीत मागणी वाढली की उत्पादन वाढते, उत्पादन वाढले की प्रतिनगी खर्च घटतो आणि जाहिरातीवर केलेला खर्च त्या घटीतून भरून निघतो. घोंगडीचे तसे नाही. मेंढ्यांची लोकर कातरायची, ती पिंजायची, चरख्यावर सूत काढायचे, ताणा लावायचा, मागावर विणायची आणि शेवटी चिंचोक्याची खळ द्यायची, अशी ती लांबलचक प्रक्रिया आहे. यातील कोणतीही पायरी दुप्पट मागणी आली म्हणून निम्म्या वेळात उरकत नाही. उदाहरणादाखल असे धरू की, एका कुटुंबाच्या हातून महिन्याला दहा घोंगड्या उतरतात. त्या कुटुंबाला एक लाख प्रेक्षकांची गरज नाही. वस्तूची पारख असलेली, योग्य किंमत देणारी आणि पुन्हा येणारी शंभर-सव्वाशे गिऱ्हाइके वर्षाला पुरेशी आहेत. म्हणजेच हस्तव्यवसायाच्या जाहिरातीचे उद्दिष्ट विक्रीची संख्या वाढवणे हे असूच शकत नाही; ते भाव वाढवणे हेच असले पाहिजे.

ऑनलाइन जाहिरातीची यंत्रणा मात्र संख्येसाठीच बांधलेली आहे. तेथील जागा लिलावाने विकली जाते. 'घोंगडी' किंवा 'लोकरी चादर' असा शब्द कोणी शोधला, की त्या शब्दावर जो अधिक बोली लावेल त्याचा माल वर दिसतो. पुन्हा उदाहरण घ्यावयाचे तर, एका गिऱ्हाइकाने जाहिरातीवर बोट टेकवले की चार रुपये पडतात आणि अशा शंभरांतील एकच प्रत्यक्ष खरेदी करतो असे मानू. तर एका घोंगडीमागे चारशे रुपये जाहिरातीतच गेले. त्यात बाजारपेठेची दलाली, पोचवणुकीचा खर्च आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड मिळवला, तर दोन हजारांच्या घोंगडीत लोकरीचे आणि मजुरीचे पैसे तरी सुटतील काय, याची शंका वाटते. उलट यंत्रमागावर कृत्रिम धाग्याची चादर काढणारा याच लिलावात सहज उतरतो, कारण त्याचा खर्च कमी आणि नग अमाप. अशा स्पर्धेत हातकारागिराने बोली लावणे म्हणजे स्वतःच्या कमाईतून प्रतिस्पर्ध्याचा बाजार तापवणे होय.

येथे दुसरी अडचण उद्भवते. पडद्यावर घोंगडी हाताला लागत नाही. तिचा खरबरीतपणा, तिचे वजन, लोकरीचा वास यांपैकी काहीच छायाचित्रात उतरत नाही. खरी आणि नकली दोन्ही सारख्याच दिसतात. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, चांगला माल कोणता हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, म्हणजे घेणारा सर्वांनाच मध्यम किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मालाला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हातच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. यावर उपाय अधिक मोठ्या आवाजातील जाहिरात हा नाही. 'ही वस्तू अमुक ठिकाणी, अमुक पद्धतीने, हातांनीच झाली आहे' याची गिऱ्हाइकाला पटेल अशी खूण, हाच उपाय आहे. ज्याला ब्रँड म्हणतात, त्याचा हस्तव्यवसायातील खरा अर्थ इतकाच.

मग ही खूण, हे नाव, कोणाच्या मालकीचे असावे? सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूर येथील लंबाणी कशिद्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. लंबाणी म्हणजे आपल्याकडील बंजाराच. बीड जिल्ह्यातील तांड्यांवरच्या स्त्रियाही आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांच्याच परंपरेतल्या. पण संडूरच्या कामाला नाव आहे आणि बीडच्या कामाला नाही. संडूरने कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. तेथे स्त्रियांना एकत्र आणणारी संस्था उभी राहिली, तिने नोंदणी केली आणि नाव राखले. बीडचा कशिदा मात्र कोणा शहरी दुकानाच्या चिठ्ठीखाली विकला जातो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या लक्षात ते दुकान राहते, तांडा नाही.

कोल्हापुरी चपलेची हकिगत याहून बोलकी आहे. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी तिला २०१९ साली मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीची चप्पल मांडली, आणि तिच्या मुळाचा उल्लेख प्रथम केला नाही. मानांकन नावाचे रक्षण करते; नाव न घेता घडण उचलली, तर कायद्याचा हात तोकडा पडतो, हे त्या वेळी दिसले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही टिकली नाही. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून बनवून घेण्याचे जाहीर केले. हे शक्य झाले, कारण नाव नोंदलेले होते आणि वाटाघाटीच्या मेजावर बसायला त्या नावाचा कोणी नोंदणीकृत धनी होता. घोंगडीच्या बाबतीत असा प्रसंग उद्या उद्भवला, तर बीडच्या वतीने कोण बसणार?

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, नोंदणी, संस्था, मानांकन ही सारी भिजत घोंगडी आहेत. कारागिराला आजची चूल पेटवायची आहे. आक्षेप रास्त आहे. एखाद्या हुशार तरुणाने स्वतःच्या नावाने मोबाइलवर धंदा उभा केला, तर त्याला कोणी दोष देऊ नये. मात्र एकट्याचे नाव एकट्याच्या उमेदीबरोबर मावळते, आणि मोठा व्यापारी तेच नाव उचलू लागला तर त्याच्याशी झगडण्याचे बळ एकट्यापाशी नसते. सामूहिक नावाचा मार्ग मंद असला तरी महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. लिज्जत हे नाव पुढे देशभर गेले आणि तरीही लाटणाऱ्या भगिनींच्याच मालकीचे राहिले. तेथे आधी दर्जा आणि मालकी ठरली, जाहिरात मागाहून आली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

शासनाच्या धोरणात मात्र हा क्रम दिसत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि विपणनाच्या साहाय्याचाही त्यात उल्लेख आहे. पण मागावर लोकर विणणारा आणि सुईने कशिदा काढणारी या दोघांचा त्या यादीत समावेश नाही. ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कराच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठेमार्फत नोंदणीवाचून विक्रीची मुभा मिळाली, ती राज्याच्या हद्दीपुरतीच. हैदराबाद आणि बंगळुरू ही शहरे त्या हद्दीबाहेर राहतात. अमुक माल वर आणि अमुक खाली का दिसतो, याचे मुख्य निकष सोप्या भाषेत जाहीर करावेत, असे बंधन २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी बाजारपेठांवर घातले आहे. पण ते निकष वाचून कारागिराला समजावून सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही.

बीड जिल्ह्याला या कामाचा अगदीच अनुभव नाही असेही नाही. येथील सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जे फळासाठी साधले, ते हातच्या वस्तूंसाठी साधणे अशक्य नाही. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र, महिला बचत गट आणि जिल्ह्यातील महाविद्यालये यांनी तीन गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत. पहिली, कोणत्या गावात कोण काय बनवते याची नोंद. दुसरी, तालुकावार संघ आणि त्याच्या मालकीचे सामूहिक चिन्ह. ट्रेड मार्क कायद्यात त्याची तरतूद आहे आणि भौगोलिक मानांकनाची वाट पाहत ते अडून राहत नाही. तिसरी, गिऱ्हाइकांची नावे व पत्ते यांची वही, जी संघाच्याच ताब्यात राहील. बाजारपेठेने उद्या नियम बदलले किंवा दलाली वाढवली, तरी ज्याच्यापाशी गिऱ्हाईक आहे त्याचा धंदा बुडत नाही. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. वस्तूचे अचूक वर्णन लिहिणे, खर्चाचा हिशेब मांडणे आणि बोलीच्या लिलावात कधी उतरू नये हे दाखवून देणे, यापेक्षा उपयुक्त प्रकल्प कोणता असेल?

दसरा उलटला की या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. उचल घेतलेली असते, कोयता उचलावाच लागतो. त्या गाड्यांमध्ये सुईचे काम जाणणाऱ्या स्त्रियाही असतात. कशिद्याने ऊसतोड थांबेल असा भाबडा दावा कोणी करू नये. परंतु तिच्या हाताच्या कामाला रास्त भाव मिळाला, तर मुकादमाकडून घ्यावयाची उचल काही अंशी तरी कमी होईल आणि एखाद्या मुलीची शाळा सुटणार नाही. हा रास्त भाव तिला तिच्या नावावरच मिळू शकतो. म्हणून जाहिरातीवर पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी ते नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, एवढे तपासून पाहावे.