नीतिमत्तेची भाषा आणि मजुरीवरचा घाव : इलिनॉयचा धडा

भांडवली लोकशाहीत निवडणुकीचा हंगाम आला की दोन घोषणा हमखास कानी पडतात. "रोजगार देऊ" ही एक आणि "भ्रष्टाचाराचे उच्चाटन करू" ही दुसरी. दोन्ही घोषणा कामकरी जनतेच्या खऱ्याखुऱ्या दुःखाला हात घालतात. म्हणूनच त्या देणारा कोण, त्याच्या कार्यक्रमाचा भार कोणाच्या पाठीवर पडणार आणि त्याची नीतिमत्ता कोणत्या दारापाशी थबकणार, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या जनतेला २०१५ ते २०१९ या काळात ही तपासणी फार महागात पडली.

अमेरिकेतील गव्हर्नर हा केंद्राने नेमलेला राज्यपाल नसतो. तो थेट मतदानाने निवडून येतो आणि राज्यकारभाराचा प्रत्यक्ष प्रमुख असतो. इलिनॉयमध्ये या पदाची अब्रू केव्हाच धुळीस मिळाली होती. सेक्रेटरी ऑफ स्टेट असताना ज्यांच्या कार्यालयात लाच घेऊन वाहनचालकांचे परवाने दिले गेले, ते रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज रायन पुढे २००६ साली दोषी ठरले. त्या प्रकरणाने संतापलेल्या जनतेला साफसफाईचे वचन देऊन २००२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉड ब्लॅगोयेविच निवडून आले. २००३ साली त्यांच्या सहीने नीतिविषयक नवा कायदाही झाला. आणि २००८ च्या डिसेंबरात बराक ओबामा यांच्या रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेचा सौदा करू पाहिल्याबद्दल याच महाशयांना अटक झाली! २०११ साली त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०२० साली अध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी करून त्यांना सोडले आणि २०२५ साली संपूर्ण माफीही बहाल केली.

घोषणेमागचा कार्यक्रम

या पार्श्वभूमीवर २०१४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे ब्रूस राउनर पुढे आले. कंपन्या विकत घ्यायच्या आणि नफा कमावून विकायच्या, या धंद्यात त्यांनी अफाट संपत्ती जमवली होती. आपण राजकारणी नाही, श्रीमंत आहोत, म्हणून आपल्याला कोणी विकत घेऊ शकत नाही, असा त्यांचा एकंदर युक्तिवाद होता. आमदारांनी आठ वर्षांहून अधिक काळ पदावर राहू नये, ही त्यांची नीतिसुधारणा. आणि उद्योगांना राज्य "अनुकूल" करू म्हणजे रोजगार येतील, ही त्यांची रोजगार योजना.

"अनुकूल" म्हणजे काय, हे त्यांच्याच तोंडून आधी बाहेर पडले होते. राज्यातील किमान वेतन तेव्हा तासाला ८.२५ डॉलर होते. २०१३ च्या डिसेंबरात राउनर यांनी ते एका डॉलरने खाली आणण्याची भाषा केली. गदारोळ उठताच त्यांनी घूमजाव केले. परंतु शब्द सुटला तो सुटलाच. निवडून आल्यावर त्यांनी जो कार्यक्रम मांडला त्यात कारभाराच्या सुधारणेबरोबरच कामगार नुकसानभरपाईला कात्री आणि संघटनाबंदीची छुपी मुभा देणारे स्थानिक विभाग यांचा समावेश होता. २०१५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सत्तेवर येऊन महिनाही उलटला नसताना, त्यांनी सरकारी कर्मचारी संघटनांच्या निधीवर घाव घालणारा हुकूम काढला. सभासद नसलेल्या, पण संघटनेने मिळवलेल्या कराराचा लाभ घेणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून वाटाघाटींच्या खर्चापोटी कापली जाणारी रक्कम त्यांना बंद पाडायची होती. त्यातून सुरू झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ही वसुली देशभरातील सरकारी नोकऱ्यांत घटनाबाह्य ठरली.

रोजगाराचे काय झाले?

राउनर यांनी निवडणुकीनंतर तात्पुरत्या आयकरवाढीची मुदत संपू द्यायला लावली. १ जानेवारी २०१५ पासून व्यक्तिगत आयकर ५ टक्क्यांवरून ३.७५ टक्क्यांवर उतरला आणि तिजोरीला भगदाड पडले. मग त्यांनी अट घातली, की विधिमंडळाने आपला कार्यक्रम स्वीकारल्याखेरीज महसूलवाढ नाही. डेमोक्रॅटिक बहुमताने तुटीचे अंदाजपत्रक संमत केले. शालेय शिक्षण वगळता बहुतेक भाग त्यांनी नाकारला. १ जुलै २०१५ पासून राज्य पूर्ण अंदाजपत्रकाविना चालले, ते तब्बल ७३६ दिवस!

या दिवसांचा हिशेब रोजगाराच्याच भाषेत मांडला पाहिजे. २०१६ च्या जानेवारीत राज्यातील एका मोठ्या समाजसेवा संस्थेने सरकारकडील थकबाकीमुळे ७५० पदे रद्द केली. त्याच वर्षी प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिकागो स्टेट विद्यापीठाने सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. वृद्धांची सेवा करणाऱ्या, व्यसनाधीनांवर उपचार करणाऱ्या, अपंग मुलांना सांभाळणाऱ्या माणसांचा पगार हा या रस्सीखेचीत ओलीस धरला गेला. सरकारची थकलेली बिले २०१७ च्या मध्यास सुमारे १,५०० कोटी डॉलरवर पोचली. अखेर राउनर यांच्याच पक्षातील काही आमदार फुटले आणि ६ जुलै २०१७ रोजी त्यांचा नकाराधिकार झुगारून व्यक्तिगत आयकर ४.९५ टक्के करण्यात आला. रोजगार देण्याचे वचन देणाऱ्याने असलेले रोजगार दावणीला बांधले होते.

तिजोरीच्या दाराशी थबकलेली नीती

आता नीतिसुधारणेकडे वळू. आमदाराची मुदत मोजणारे हे सुधारक थैलीची लांबी मात्र मोजू देत नाहीत. ब्लॅगोयेविच प्रकरणानंतर इलिनॉयने निवडणूक देणग्यांवर मर्यादा घातल्या. पण उमेदवार स्वतःच्या खिशातून ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करू लागला की त्या लढतीत मर्यादाच उठतात, अशी पळवाट कायद्यातच होती. स्वतःच्या पैशावर बंधन घालता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच ठरवून दिले आहे. राउनर यांनी २०१४ मध्ये स्वतःचे २ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर ओतले.

राउनर यांचा पराभव कोणी केला? २०१८ साली डेमोक्रॅटिक उमेदवार जे. बी. प्रिट्झकर यांनी, आणि तेही हॉटेलसम्राट घराण्याचे अब्जाधीश. त्यांनी स्वतःचे १७ कोटींहून अधिक डॉलर खर्चले. २०२० साली श्रीमंतांवर चढता आयकर बसवण्याचा प्रश्न जनमतास आला, तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने प्रिट्झकर यांनी आणि विरोधात केन ग्रिफिन या अब्जाधीशाने प्रत्येकी ५ कोटींहून अधिक डॉलर ओतले. प्रस्ताव पडला. म्हणजे कर कोणी किती द्यावा, या प्रश्नावरही दोन कुबेरांची झुंज आणि जनता प्रेक्षक!

येथे कोणी म्हणेल, की दीर्घकाळ पदाला चिकटलेले मायकेल मॅडिगन यांच्यासारखे सभापती भ्रष्ट नव्हते काय? होते. २०२५ साली ते दोषी ठरले आणि त्यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत म्हणून त्यांची भलामण करण्याचे कारण नाही. पण त्या प्रकरणाचा गाभा पाहा. कॉमनवेल्थ एडिसन या वीज कंपनीने मॅडिगन यांच्या हस्तकांना नोकऱ्या व कंत्राटे दिली, ती कायदे आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून. २०२० साली कंपनीने २० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. घेणाऱ्याची मुदत आठ वर्षांवर आणली, तरी देणाऱ्या कंपनीला मुदत नसते. आठ वर्षांनी ती नवा माणूस गाठेल, इतकेच. देणग्यांवर कडक मर्यादा, हिशेब उघड करण्याची सक्ती, लाचखोरांना शिक्षा या मागण्या कामगारवर्गाने जरूर लढवाव्यात. परंतु संघटना मोडून, मजुरी उतरवून कारभार स्वच्छ होतो, ही शुद्ध धूळफेक आहे. थैलीला तोंड देऊ शकणारी शक्ती संघटितच असते. तिला दुबळी करणारी "सुधारणा" ही थैलीचीच सेवा होय.

भारतातील वाचकाला हा सूर अपरिचित नाही. २०१८ साली "पारदर्शकते"च्या नावाखाली निवडणूक रोखे आणले गेले. देणाऱ्याचे नाव मतदारापासून लपवणारी ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. २०१९ व २०२० साली संमत झालेल्या चार श्रमसंहितांचे समर्थनही "गुंतवणूक आणि रोजगार" याच शब्दांत केले गेले.

इलिनॉयची दुसरी परंपरा

शिकागो हे शहर याच राज्यात आहे, आणि मे दिनाचा इतिहास हेमार्केटच्या हुतात्म्यांपासून सुरू होतो. १८९३ साली इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी त्या खटल्यातील तुरुंगात खितपत पडलेल्या तिघांची मुक्तता केली आणि खटलाच अन्याय्य होता असे जाहीरपणे मांडले. भांडवलदारी वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. १८९६ साली ते पराभूत झाले. पदावरच्या माणसाची नीतिमत्ता तो कोणाच्या रोषाची पर्वा न करता उभा राहतो, यावरून ओळखावी.

आणि तोडगा केवळ सज्जन गव्हर्नरांवर सोडता येत नाही, हेही इलिनॉयच्या कामगारांनी ओळखले. २०१९ साली किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर नेणारा कायदा झाला. २०२५ च्या प्रारंभी तो टप्पा गाठला गेला. २०२२ च्या नोव्हेंबरात मतदारांनी संघटित होण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क राज्यघटनेतच कोरून ठेवला. ज्या संघटना मोडण्यासाठी एका धनाढ्याने राज्याला ७३६ दिवस वेठीस धरले, त्यांचा हक्क आज तेथील राज्यघटनेत लिहिलेला आहे. उद्या कोणी पुन्हा रोजगाराची व नीतिमत्तेची पताका घेऊन दारी आला, तर त्याला प्रथम दोनच प्रश्न विचारावेत : मजुरी आणि संघटना यांविषयी तुझे म्हणणे काय, आणि तुझ्या प्रचाराचा पैसा कोणाचा?