विळ्याचे 'पाणी' जाळू नका

परवा फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी शेतीशाळा घेतली. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा विळा घेऊन आले. म्हणाले, "साहेब, कालच मशिनीवर धार लावून आणलाय, अन् आज गवतसुद्धा कापत नाही." विळा हातात घेऊन पाहिला, तर पात्याच्या कडेला निळसर पट्टा उमटलेला. दोष विळ्याचा नव्हता, धार लावणाराच्या घाईचा होता.

लोहार पाते घडवून झाल्यावर ते लालभडक तापवतो व पाण्यात बुडवतो. त्याने पोलाद कडक होते. मग बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतो. यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरचे चाक मिनिटाला साधारण २८०० फेरे घेते. पात्याची कड पातळ, ती क्षणात तापते. ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळे पडते. तोवर लोहाराने दिलेले पाणी उतरलेले असते. धार दिसते चकचकीत, पण ती दुपारपर्यंतही टिकत नाही. मग पुन्हा ग्राइंडर. दोन हंगामांत विळ्याचे पाते अर्धे होते.

म्हणून मशीन वाईट, असे मी म्हणणार नाही. कुऱ्हाडीला मोठी खांडे पडली असतील तर हाताने घासत बसण्यात दिवस जाईल. कडबा कुट्टीची पाती तर मशीनवरच काढावीत. त्यांचा उतार सगळीकडे सारखा लागतो, हाताने तो गोल होतो व कुट्टी कापण्याऐवजी चेंगरली जाते. पण तिथेही चाकापुढे पक्का टेकू हवा, शेजारी पाण्याची बादली हवी, पाते दोन-तीन सेकंद टेकवून लगेच बुडवायला हवे. डोळ्याला चष्मा हवाच. कुट्टीची पाती काढण्याआधी वीज बंद करावी, हे वेगळे सांगायला नको.

रोजचा विळा, खुरपे, छाटणीची कात्री मात्र हातानेच पाजवावी. दगडावर पाणी टाका, मूळ उतार धरून एकाच दिशेने घासा, शेवटी मागच्या बाजूने एक-दोन हलके हात मारून उलटलेली कड काढा. पाच मिनिटांचे काम आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा किंवा दुसरा कोणताही दातेरी विळा असेल, तर दात्यांच्या बाजूला ग्राइंडर लावूच नका, दातेच जातील. मोसंबीची सल काढताना बोथट कात्रीने साल चिरडते, जखम लवकर भरत नाही आणि रोगाला वाट मिळते.

खरी अडचण पुढेच आहे. बलुतं गेलं, गावचा लोहार गेला. घिसाड्यांची पालं पडायची, बायाबापड्या घण मारायच्या, तेही कमी झाले. पाजवण्याची रीत घरात कुणी पोराला शिकवत नाही. बोथट विळ्याने काढणी लांबते, मजुरी वाढते आणि कापणाऱ्या बाईचे मनगट रात्रभर दुखते. हा खर्च कुणाच्याच वहीत येत नाही.

सरपंच व ग्रामसेवकांना माझे सांगणे आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहाराचा समावेश आहे. प्रशिक्षण, १५ हजार रुपयांपर्यंतची अवजारे व ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रचना आहे. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडेच असते. तेव्हा गावात कुणी लोहारकाम करणारा उरला असेल, तर त्याचा कागद अडवून ठेवू नका. घिसाडी आले तर पालाला चार दिवस जागा द्या. आणि आम्ही कृषी खात्याच्या लोकांनीही शेतीशाळेत बियाणे-खताबरोबर अर्धा तास धारेला दिला पाहिजे. माझ्या पुढच्या शेतीशाळेला येताना प्रत्येकाने आपला विळा बरोबर आणावा. दगड मी आणतो.