मोबाइलमधला समारंभ टीव्हीच्या पडद्यावर

मैत्रिणींनो, मुंज असो की डोहाळजेवण, घरच्या समारंभाचं चित्रण हल्ली मोबाइलवरच होतं. पण दृष्टी अधू झालेल्या सासूबाईंना त्या तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसणार? त्यांना हवा आपला समोरचा टीव्ही आणि हाताच्या सवयीचा डीव्हीडी प्लेअर. मग आपण हौसेनं फाइल तबकडीवर उतरवतो, तबकडी आत सरकवतो, आणि प्लेअर ती वाचायलाच तयार नसतो! तो दुरुस्तीला नेण्याआधी एवढं वाचा.

दोष बहुधा प्लेअरचा नसतोच. मोबाइलचं चित्रण बहुतेक वेळा एमपीफोर फाइलीत असतं. साध्या प्लेअरला मात्र एमपीईजी-२ पद्धतीचं आणि ठरावीक मांडणीतलं चित्रण लागतं. फाइलीच्या नावाची शेवटची अक्षरं बदलून भागत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून तुरीच्या डाळीची हरभऱ्याची डाळ होते का? चित्रणाचं रूपांतरच करावं लागतं.

घरी संगणक असेल तर 'डीव्हीडीस्टाइलर'सारखा मोफत प्रोग्राम हे काम करतो. क्रम असा :

१. सगळ्या मूळ फाइली आधी संगणकावर उतरवा.

२. त्यांतलं हवं तेवढंच निवडा. साध्या तबकडीची क्षमता ४.७ जीबी असते. तिच्यावर बऱ्या दर्जाचं सुमारे दोन तासांचं चित्रण मावतं. मोबाइलमधली फाइल किती लहान आहे हे पाहू नका, ती किती मिनिटांची आहे ते पाहा. जास्त कोंबलंत तर चेहरे पुसट दिसतात.

३. 'पाल' पद्धत निवडा. आपल्याकडे तीच चालते. पडदा रुंद असेल तर १६:९ हे प्रमाण घ्या, नाहीतर माणसं ताणलेली दिसतील. तबकडी अमेरिकेतल्या नणंदेकडे जायची असेल, तर तिच्यासाठी वेगळी 'एनटीएससी' प्रत करा. तिकडचे पुष्कळ प्लेअर आपली पद्धत दाखवत नाहीत.

४. तबकडी सावकाश, कमी वेगानं लिहा आणि सासूबाईंच्याच प्लेअरवर लावून पाहा.

दुकानातून करून घेणार असाल, तर नुसतं "कॉपी करून द्या" म्हणू नका. "डेटा डिस्क नको, टीव्हीवर चालणारी डीव्हीडी-व्हिडिओ हवी," असं स्पष्ट सांगा.

प्लेअरला पेनड्राइव्हची खाच असेल, तर तबकडीशिवायही काम होऊ शकतं. त्यावर 'डिव्हएक्स' अशी खूण असल्यास डिव्हएक्स प्रकारची एव्हीआय फाइल करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तबकडी झाली म्हणून मोबाइलमधली मूळ फाइल पुसून टाकू नका हं! रूपांतरात चित्राचा बारकावा कमी होतो, आणि तो परत आणता येत नाही. दुधाचं ताक होतं, ताकाचं दूध होत नाही. मूळ चित्रण दोन वेगळ्या ठिकाणी जपा. तबकडीवर बॉलपेननं लिहू नका, डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा. आणि ती उन्हापासून दूर ठेवा.

आजेसासऱ्यांनी नातवाला दिलेला आशीर्वाद, त्यांचा तो आवाज, दुसऱ्यांदा चित्रित करता येणार नाही. त्यासाठी एक दुपार खर्ची पडली तर पडू दे.