दुधावरच किती दिवस?

करिंथच्या मंडळीला संत पौलाने दुधावरच्या तान्ह्या बाळांची उपमा दिली, ती गौरवार्थ नव्हे. एकोणीस शतके उलटून गेली, तरी ती उपमा आम्हांला लागू पडावी, याची आम्हांला लाज वाटत नाही.

परीक्षा जवळ आली की मेणबत्ती, नोकरी हवी की नोव्हेना, आजार जडला की रोगमुक्तीचे शिबिर! मागणे पुरले तर देव दयाळू; न पुरले तर दुसरा प्रार्थनागट शोधावयाचा. यास आम्ही श्रद्धा म्हणतो. बाजारात यास सौदा म्हणतात. मागणे हे पाप नव्हे. रोजची भाकर मागण्यास प्रभूनेच शिकविले. परंतु जो केवळ मागतच राहतो, तो वयाने वाढतो, विश्वासाने वाढत नाही.

आम्ही राहतो त्या वर्ध्याचीच साक्ष काढू. 1936 साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेला वाहून घेतले. सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्रींच्या कुष्ठाने झडलेल्या देहाला स्वहस्ते मालीश करीत. यांपैकी कोणाचाही स्नानसंस्कार झालेला नव्हता. शुभवर्तमानातील जड अन्न त्यांनी पचविले. आम्ही मात्र अद्याप बाटली मागतो आहोत.

2006 साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कपाशीने दगा दिलेल्या अशा घराच्या ओसरीवर आमच्यापैकी किती जण जाऊन बसले? 'काही पाप घडले असेल' असे कुजबुजणारे मात्र आमच्यात निघाले. ईयोबाचे मित्रही असेच बोलले होते, आणि देवाने त्यांनाच दोषी ठरविले.

दोष केवळ श्रद्धावंतांचा नाही. सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 सालीच बजावले. आमचे धर्मशिक्षण मात्र दृढीकरण संस्काराच्या दिवशी संपते. तान्हे मूल प्रश्न विचारीत नाही, हिशेब मागत नाही. म्हणून आम्हां धर्मगुरूंनाही दूध पाजणेच सोयीचे वाटते.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामात प्रौढांसाठी आठवड्यास एक तास शास्त्राभ्यास व्हावा. त्यात धर्मगुरूला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारले जावेत. आणि अभ्यास संपताच सर्वांनी मिळून एखाद्या दुःखी घराची पायरी चढावी. देवाने आमच्यासाठी काय केले, हे मोजणे पुरे झाले. आमच्या हातून त्याला काय करवून घ्यावयाचे आहे, हे विचारण्याचे वय आमचे केव्हाच झाले आहे.