मुलांच्या उंचीचें घर

लहान मुलें असलेल्या घरांत व्यवस्था राहावयाची नाहीं, हें वाक्य आज इतकें सर्वांच्या तोंडीं झालें आहे कीं, तें खरें आहे काय, याचा विचारच कोणी करीत नाहीं. ठाण्याच्या वागळे इस्टेटीलगत श्रीनगर, किसननगर या वस्त्यांत दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून आजोबा-आजी, मुलगा-सून आणि नातवंडें अशीं तीन पिढ्यांचीं कुटुंबें नांदत आहेत. सायंकाळीं दाराशीं पाहुणा आला आणि खेळणीं, कपडे, दप्तरें यांतून त्याला वाट काढावी लागली, म्हणजे मुलास ‘द्वाड’ व त्याच्या आईस ‘अव्यवस्थित’ अशा पदव्या तत्काळ बहाल होतात. ती बिचारी बहुधा नोकरीवरून नुकतीच परतलेली असते. आमच्या मतें या दोन्ही पदव्या बहुतेक वेळां अन्यायाच्या होत.

वाचकांनीं आपल्याच घरांतील देवघराकडे क्षणभर पाहावें. सारें घर अस्ताव्यस्त असलें तरी देवघर तसें नसतें. पळी-पंचपात्री कोठें, घंटा कोठें, निरांजन कोठें, हें घरांतील चार वर्षांचें पोरही बिनचूक सांगतें. याचें कारण केवळ भक्ति नव्हे. तेथें वस्तू मोजक्या असतात. प्रत्येकीची जागा ठरलेली असते. आवराआवर रोज ठराविक वेळीं होते. आणि मुख्य म्हणजे तो नियम घरांतील वडील माणसेंही पाळतात. या चार गोष्टी जेथें एकत्र येतात, तेथें व्यवस्था टिकते. त्यांपैकीं एक जरी सुटली, तरी मुलांवर कितीही रागें भरून उपयोग होत नाहीं.

मुलाला व्यवस्था नकोच असते, हा समजही चुकीचा आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं सुमारें सहा महिन्यांच्या एका बालकाची हकीकत नमूद केली आहे. खोलींत आलेल्या बाईंनीं आपली छत्री टेबलावर ठेवितांच तें बेचैन होऊन रडूं लागलें. समजूत घातली, तरी थांबेना. अखेर आईनें छत्री उचलून बाहेर नेली, तेव्हां तें शांत झालें. छत्रीची जागा ही नव्हे, एवढेंच त्याचें म्हणणें होतें! याच विदुषींनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तींत बालगृह उघडलें. तेथें एके दिवशीं कपाटास कुलूप लावावयाचें राहून गेलें, आणि मुलांनीं आपापल्या आवडीचें साहित्य स्वतःच काढून घेतलें. शिक्षिकेस ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंस त्यांत मुलांची निवड दिसली. वस्तूंच्या जागा मुलांस पाठ झाल्या होत्या. पुढें तेथें ठेंगणीं, उघडीं कपाटें आलीं.

हा विचार आपल्याकडे रुजविणारांत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांचीं नांवें अग्रभागीं आहेत. भावनगरचें बालमंदिर १९२० सालीं निघालें. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. आणि १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हा मुलूख २०१४ पर्यंत आपल्या ठाणें जिल्ह्यांतच होता. वारली मुलांच्या शाळेस महागडें परदेशी साहित्य परवडणारें नव्हतें. म्हणून दगड, शिंपले, बिया, पानें हींच साधनें झालीं. मुलाला शिस्त लावण्यास पैसा लागतो, असें म्हणणारांस याहून चोख उत्तर दुसरें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. तेथील मांडणी मोठ्यांच्या उंचीची असते. सदरा अडकविण्याची खुंटी मुलाच्या डोक्यावर दोन हात, पुस्तकांचें फडताळ त्याहून वर, आणि ‘जागेवर ठेव’ हा हुकूम मात्र त्यालाच! जेथें हातच पोंचत नाहीं तेथें आज्ञापालन कसें व्हावें? यास्तव मुलाच्या छातीइतक्या उंचीवर दोन खुंट्या माराव्या, आणि असलेल्या फडताळाचा सर्वांत खालचा कप्पा त्यास द्यावा. कप्पा रिकामा कोठून करावा, असें कोणी विचारील. लग्नांत आलेलीं, कधींही न वापरलेलीं भांडीं तेथून हलविलीं कीं जागा होते. पतंजलींनीं नियमांत शौचास प्रथम स्थान दिलें आहे, आणि यमांत अपरिग्रहही सांगितला आहे. दुसऱ्यावांचून पहिलें साधत नाहीं, हा आमचा गृहस्थाश्रमाचा अनुभव आहे. खेळण्यांसही हाच न्याय लावावा. पांच-सहा बाहेर ठेवावीं, बाकीचीं पेटींत घालून माळ्यावर टाकावीं, आणि पंधरवड्यानें अदलाबदल करावी. खेळ एका सतरंजीवर मांडावा. सतरंजी गुंडाळली कीं खेळ संपला.

ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांच्यासाठीं कारखान्यांतील एक युक्ति घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकीं एक. तेथील आमच्या कित्येक वाचकांनीं कारखान्यांत असा फळा पाहिला असेल कीं, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृति रंगविलेली असते. रिकामी आकृति दिसली कीं काय हरवलें तें न विचारतां कळतें. मुलाच्या कप्प्यावर चेंडू, पाटी, बूट यांचीं चित्रें चिकटवावीं. काम तेंच होतें. मात्र जे गृहस्थ कारखान्यांत पाना जागेवर टांगल्यावांचून घरीं निघत नाहींत, त्यांचाच ओला पंचा घरीं पलंगावर पडलेला असतो. मुलें ऐकून शिकत नाहींत, पाहून शिकतात.

वयाप्रमाणें काम द्यावें. दीड-दोन वर्षांच्या मुलानें खेळणें टोपलींत टाकावें. तीन-चार वर्षांच्यानें हातरुमालाची घडी करावी, चपलांचे जोड लावावे. सहा-सात वर्षांच्यानें उद्यांचें दप्तर आजच भरावें. घडी वांकडी झाली तर ती त्याच्यादेखत मोडून पुन्हा करूं नये. त्यानें मुलाचा हात कायमचा मागें घेतला जातो. आवरण्याची वेळ दिवेलागणीच्या आधीं दहा मिनिटें, म्हणजे शुभंकरोतीस सतरंजी मोकळी होते.

एका बाबतींत मात्र उंचीचा नियम उलटा. औषधें, फिनेल, काड्यापेटी, सुऱ्या व पातीं हीं मुलाच्या हातीं लागणार नाहींत अशीं, उंच व कुलुपांत ठेवावीं. न्हाणीघरांतील बादली वापर नसतां पालथी घालावी. रांगत्या मुलाचा जीव जाण्यास वीतभर पाणीही पुरतें.

शेवटीं वडीलधाऱ्यांस विनंति. ही व्यवस्था एकट्या सुनेच्या शिरावर टाकाल तर ती महिनाभरही चालणार नाहीं. आजोबांनीं सायंकाळचीं तीं दहा मिनिटें आपणांकडे घ्यावीं. आपला चष्मा व वर्तमानपत्र जागेवर ठेवून आरंभ करावा, आणि नातवास सोबतीला बोलवावें. दोन खोल्यांच्या घरांत पसारा होणारच. तो कोणी एकानें मुकाट्यानें उपसावयाचा कीं सर्वांनीं मिळून आवरावयाचा, हें मूल रोज पाहत असतें, आणि पुढें आपल्या संसारांत तेंच करितें.