कपाटाची किल्ली

आज राष्ट्रीय विज्ञान दिन. जालन्यातल्या शाळांमधून आज थर्मोकोलचे ज्वालामुखी फसफसतील, प्रमुख पाहुणे फीत कापतील आणि तक्त्यापाशी उभी असलेली मुले पाठ केलेली माहिती एका दमात म्हणून दाखवतील. 28 फेब्रुवारी 1928 रोजी जाहीर झालेल्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ 1987 पासून हा दिवस पाळला जातो. त्या शोधाच्या सुरुवातीच्या निरीक्षणांना ऊन, रंगीत काचा, शुद्ध केलेला द्रव आणि डोळा एवढे पुरले होते. आमच्या प्रदर्शनांत यातले सगळे असते, फक्त डोळा नसतो.

खरे तर भौतिकशास्त्र शिकायला जालन्याइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या रात्रंदिवस चालतात. भट्टीत जाळ नसतो. तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज आतल्या लोखंडातच वीज जागी करते, आणि 1538 अंशांना लोखंडाचे पाणी होते. ज्याचे वडील या भट्टीवर पाळी करतात, तो मुलगा दहावीत 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' ही व्याख्या घोकतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही.

सांगायला लागते तरी काय? हातभर लांब ॲल्युमिनियमचा पाइप आणि त्यात सैल बसेल असे एक ताकदवान चुंबक. आधी पाइपाला चुंबक लावून दाखवा, चिकटत नाही. मग वर्गाला विचारा, आत सोडले तर किती वेळात खाली येईल? अंदाज फळ्यावर लिहून घ्या. मीटरभर उंचीवरून गोटी अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येते. हे चुंबक मात्र एवढ्याशा पाइपातून रमतगमत उतरते. आता कुणीतरी 'का?' विचारणारच. तास तिथून सुरू होतो. अंदाज न घेता हेच करून दाखवले, तर ती जादूगाराची करमणूक झाली. मग पुढचा प्रश्न टाका: 770 अंशांपुढे लोखंड चुंबकाला ओढले जात नाही, तरी भट्टीत ते तापत कसे राहते? उत्तर त्या पाइपातच आहे: चुंबक त्यालाही चिकटत नाही, तरी हलत्या चुंबकामुळे त्यात वीज जागी होतेच.

यात नवे काही नाही. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत वर्षानुवर्षे हेच केले. एच. सी. वर्मा यांनी भौतिकशास्त्र शिक्षकांना सोबत घेऊन 'अन्वेषिका' नावाची प्रयोगकेंद्रे देशभर उभी केली, तीही याचसाठी.

मग अडते कुठे? शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण भिंग फुटले की डेड स्टॉक रजिस्टरवर उत्तर त्यांनाच द्यावे लागते, म्हणून कपाटाला कुलूप आणि भिंगावर धूळ. बारावीला भौतिकशास्त्राच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे. ते बहुधा नीट उतरवलेल्या जर्नलला मिळतात. प्रकल्प तर बाजारात तयार मिळतो, रंगवलेला.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. आजचे भाषण दहा मिनिटांनी कमी करा आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्या. फुटलेल्या भिंगाची नोंद 'मुलांनी वापरले' अशी करा, आणि उद्या, 1 मार्चला, ती किल्ली परत मागू नका.