काथ, हळद आणि रसायनशास्त्राचें पुस्तक

मुरबाड तालुक्यांतील एका माध्यमिक शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र लहान आहे, पण त्यांतील प्रश्न लहान नाहीं. शाळेच्या ग्रंथसंग्रहासाठीं थोडी रक्कम हातीं आली आहे. तींतून रसायनशास्त्राचीं कोणतीं पुस्तकें घ्यावींत, असें त्या विचारतात. त्याच पत्रांत त्यांनीं वर्गांतील एक प्रसंग कळविला आहे. एका कातकरी मुलीस संपृक्त द्रावणाची व्याख्या कांहीं केल्या सांगतां येईना. बाईंनीं पुस्तक मिटलें आणि घरीं असें कांहीं पाहिलें-ऐकलें आहेस काय, म्हणून विचारलें. तेव्हां खैराचे तुकडे उकळून पूर्वीं काथ कसा काढीत, काढा कितपत आटवीत आणि निवल्यावर त्यांत कण कसे धरत, हें आजीच्या तोंडून ऐकलेलें सारें तिनें न अडखळतां सांगितलें. तरी ही मुलगी दहावीनंतर विज्ञानशाखा घेणार नाहीं. कारण पुढचें पुस्तक इंग्रजींत असतें, हें तिला ठाऊक आहे.

कातकरी हें नांवच काथ करण्यावरून पडलें, असें सांगतात. ज्या जमातीच्या नांवांतच एक रासायनिक उद्योग आहे, तिच्या मुलीस रसायनशास्त्र परकें वाटावें, हा दोष त्या मुलीचा खास नव्हे. तेव्हां पुस्तकांची यादी देण्यापूर्वीं पुस्तकानें काय करावें, ह्याचा थोडा विचार करूं.

इंग्लंडांत १८०६ सालीं जेन मार्सेट ह्या बाईंनीं रसायनशास्त्रावर एक संवादरूप पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत एक शिक्षिका आणि दोन मुली बोलत असतात. मुली शंका काढतात आणि शिक्षिका प्रयोगाच्या आधारें त्यांचें निरसन करिते. लंडनांत पुस्तकबांधणीच्या दुकानीं उमेदवारी करणाऱ्या, एका लोहाराच्या मुलाच्या हातीं तें पडलें. त्यानें त्यांतील विधानें लहानसहान प्रयोग करून पडताळून पाहिलीं, आणि तीं खरीं ठरलीं तेव्हां त्याचा त्या पुस्तकावर व शास्त्रावर विश्वास बसला. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. पुढें १८६०-६१ च्या हिंवाळ्यांत ह्याच फॅरडेनें मुलांपुढें एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. तीं पुस्तकरूपानें आजही वाचलीं जातात. पुस्तक सोपें असणें पुरेसें नाहीं. त्यांतील गोष्ट वाचकास आपल्या हातानें पडताळतां आली पाहिजे, हा ह्यांतील बोध आहे.

मराठींत असा प्रयत्न झालाच नाहीं, असें मात्र नाहीं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच रसायन व इतर शास्त्रांवर मराठींत ग्रंथ लिहिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं कलाभवन काढलें, प्रो. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें रंगकामासारखे विषय देशी भाषांतून शिकविण्याचा उपक्रम झाला. पुण्यांत १९२८ सालीं ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें आणि १९६६ सालीं मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. वाट मळलेली आहे. ती शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत मात्र पुरतेपणीं पोंचलेली नाहीं.

आतां भाषेचा प्रश्न. जुन्या ग्रंथकारांनीं हायड्रोजनास उज्ज आणि नायट्रोजनास नत्र म्हटलें. आजच्या पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्यांचीं जागतिक नांवेंच देवनागरींत येतात, आणि आमच्या मतें हें योग्यच झालें; कारण मुलास पुढें तींच नांवें भेटावयाचीं आहेत. परंतु द्रावण, संयुग, आम्ल, अवक्षेप हे शब्द मराठीच राहिले पाहिजेत, कारण समजूत त्यांतून होते. येथें एक सावधगिरी सांगतों. घरांत खार म्हणजे पापडखारासारखा, हळदीस लाल करणारा पदार्थ. पाठ्यपुस्तकांत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी ह्यांच्या संयोगानें होणारा, मिठासारखा पदार्थ. हा भेद शिक्षकानें पहिल्याच दिवशीं सांगितला नाहीं, तर हुशार मुलेंही वर्षभर गोंधळांत राहतात.

आमच्या भगिनींस आमचें सांगणें असें. पहिली खरेदी पैशाची नकोच. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संगणकावर विनामूल्य मिळतात. आठवीपासूनचीं पुस्तकें एकत्र ठेवून त्यांतील रसायनाचे पाठ क्रमानें लावावेत. दुसरें, भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश शाळेंत असावा. तिसरें, युनेस्कोचें विज्ञानशिक्षकांसाठींचें साधनपुस्तक मिळवावें. त्याची कथा मनोवेधक आहे. महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठीं १९४८ सालीं एक लहान पुस्तिका निघाली. मोडक्या बाटल्या, डबे आणि तारा ह्यांपासून उपकरणें कशीं करावींत, हें तींत होतें. तिचाच विस्तार होऊन १९५६ सालीं हें पुस्तक झालें. तें इंग्रजींत आहे, परंतु शिक्षकासाठीं आहे. मुलांपुढें तें मराठींतच उघडावें. चौथें, पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाची पद्धत अभ्यासावी. हातांनीं काम करितां करितां शास्त्र शिकावें, हें तिचें सूत्र आहे.

पुस्तकांच्या जोडीला शाळेनें स्वतःची एक वही करावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. माळशेजच्या रानांतला हिरडा कुटून त्याचा काढा करावा आणि त्यांत गंजका खिळा टाकावा. काढा काळा पडतो, कारण हिरड्यांतील टॅनिनाचा लोखंडाशीं संयोग होतो. जुनी शाई ह्याच तत्त्वावर होत असे. हळदीचें पाणी चुन्यानें लाल होतें आणि लिंबू पिळतांच पुन्हां पिवळें होतें. आपल्या घरच्या कुंकवाचें मूळ ह्यांतच आहे. शहापूर तालुक्यांत तानसा आणि भातसा हे जलाशय आहेत. त्यांचें पाणी शुद्ध होऊन मुंबईस जातें, आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तेथील मुलांस गढूळ पाण्यांत तुरटी टाकली असतां काय होतें, हें अवश्य दाखवावें. तुरटीपासून अ‍ॅल्युमिनियमचा चिकट साका बनतो आणि मातीचे कण त्यांत अडकून तळाशीं बसतात. मात्र पाणी नितळ झालें म्हणजे निर्जंतुक झालें, असें नव्हे. त्यासाठीं क्लोरिन तरी हवें किंवा उकळी तरी. एवढें एक वाक्य मुलांनीं घरीं नेलें, तरी त्या तासाचें सार्थक झालें.

हा विषय केवळ गुणांचा नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मुरबाडास औद्योगिक वसाहत आहे, आणि जिल्ह्यांतील अनेक तरुण रासायनिक कारखान्यांत कामास जातात. डोंबिवलीस २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजीं अशा कारखान्यांत स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. अशा अपघातांची जबाबदारी कामगाराच्या वाचनावर ढकलणें हा अन्याय होईल. ती मालकांची आणि देखरेख करणारांची आहे. तरी पिंपावरील ज्वालेची खूण ओळखणारा, आम्ल पाण्यांत सावकाश ओतावें, पाणी आम्लांत ओतूं नये, हें जाणणारा माणूस स्वतःस आणि शेजाऱ्यास थोडा अधिक जपूं शकतो, आणि चुकीचा हुकूम मिळाला तर ‘कां’ म्हणून विचारूं शकतो.

शेवटीं एक विनंती आमच्या सर्व वाचकांस. अकरावी-बारावीचें रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणीं इंग्रजींतूनच शिकविलें जातें, आणि आपल्या पैकीं कित्येकांच्या घरीं मुलांचीं तीं पुस्तकें माळ्यावर पडलेलीं आहेत. तीं रद्दींत घालूं नयेत. सुटींत मुलांनीं पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाच्या समासांत अवघड शब्दांचे मराठी अर्थ आणि दोन ओळींचा खुलासा लिहावा. त्यांत त्यांचीही उजळणी होईल. मग तीं पुस्तकें जवळच्या ग्रामीण शाळेस पाठवावींत. आमच्या घरच्या पुस्तकांपासून आम्हीं आरंभ केला आहे. समासांत भाषांतर लिहून झालेलें पहिलें पुस्तक ह्या महिन्यांत मुरबाडास रवाना होत आहे. काथाची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीनें तें आधीं वाचावें आणि मग विज्ञानशाखा घ्यावयाची कीं नाहीं, हें ठरवावें, एवढीच आमची इच्छा आहे.